सातवा रकाना

चौतीस वर्षं मी बटाटे उकडले.
बायको विचारायची, कॉलेजात नोकरी का खानावळीत?
दोनशे ग्रॅम बटाटा, वीस ग्रॅम ग्लुकोज, पंधरा अगर,
मग आटोक्लेव्हचा एक लांब सुस्कारा
आणि काचेच्या ताटलीत वाढलेलं जेवण.
पाहुणा यायचा माणसाच्या डोळ्यातून.

खोडके मॅडम खरवडायच्या.
स्पिरिटच्या दिव्यावर लाल करून निववलेलं पातं,
बुबुळावरची पांढरी जखम,
हात असा स्थिर की मनगटावर चिमणी बसली असती.
ताटलीवर ओळीनं सी, सी, सी.
इंग्रजीतलं तेवढं एक अक्षर मला झोपेतही येतं.

तिसऱ्या दिवशी सी उगवायचा,
पांढरा, लुसलुशीत,
दारव्ह्याच्या बाजारात कोणी भाव विचारावा असा.
'अंबादास, पीक आलं,' म्हणायच्या,
आणि हसायच्या नाहीत.

मग रजिस्टर.
अनुक्रमांक, नाव, गाव, वय, डोळा कोणता,
किती दिवसांनी आला,
आणि सातव्या रकान्यात: काय लागलं.
तुरीचं खुट. हरभऱ्याचं घाटं. गव्हाचं कुसळ.
बैलाची शेपटी.
पऱ्हाटी, पऱ्हाटी, पऱ्हाटी.
चार हजार एकशे बारा ओळी, सव्वीस रजिस्टरं,
आणि त्यांतून निघालेले पेपर,
काही छापलेले, काही परत आलेले,
परत आलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर
मी ग्लुकोजचा हिशेब लिहायचो.

औषधाचा थेंब तासातासाला, रात्रीसुद्धा.
घड्याळ कोणाच्या घरी होतं तेव्हा?
मॅडमनी संशोधनाच्या पैशातून चाळीस गजराची घड्याळं घेतली.
ऑडिटर म्हणाला, डोळ्याच्या रोगाला घड्याळ कशाला?
पगारातून भरले त्यांनी. सहा हप्ते.
त्यातली अकरा परत आली.
एक अजून माझ्या चुलीवरच्या फळीवर आहे,
वीस मिनिटं मागं.

शाल-श्रीफळ झालं त्या दिवशी,
भाषणं संपायच्या आत मला खुणेनं बोलावलं.
'गाडी काढायला सांग. मोहगव्हाण.'
मांडीवर पहिलं रजिस्टर.
अनुक्रमांक एक.
पंचफुला किसन ढोके, वय बावीस, डावा डोळा,
नऊ दिवसांनी, पऱ्हाटी.

म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत होती.
डावी पापणी आत बसलेली, जशी रिकामी शेंग.
मॅडम म्हणाल्या, ओळखलं का?
'तुमचा आवाज ओळखला. तवाही हेच विचारलं व्हतं तुमी,
काय लागलं.'
'आणि तुम्ही पऱ्हाटी म्हणालात.'

बोटं थांबली नाहीत.
दोन शेंगा, तीन शेंगा.
'पऱ्हाटी तं व्हतीच बाई.
पर माह्या हातात नव्हती.'

घरात कोणी खोकललं.
मॅडमनी आत पाहिलं नाही.
पेन उघडलं, सातव्या रकान्यावर नेलं,
बोटभर रुंदीचा तो चौकोन,
त्यात एक शब्द आधीच बसलेला, आणि तो खोटा नव्हता.
पेन तसंच बंद केलं.
म्हातारीनं ओंजळभर शेंगदाणे दिले. मॅडमनी ते पर्समध्ये टाकले.

परतताना बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी निरोप आला, सगळी रजिस्टरं घरी आण.
नव्या सरांची सही घेऊन
युरियाच्या दोन रिकाम्या पोत्यांत भरून नेली.

'वाच,' म्हणाल्या.
'सगळ्या नको. फक्त बायका. फक्त डावा डोळा.'

मी वाचू लागलो.
नाव, गाव, डावा. नाव, गाव, डावा.
टिचकीनं टेबलावर मोजत होत्या,
मग मोजणं थांबलं.
मी वर पाहिलं.
त्यांनी आपला उजवा हात उचलला होता,
समोर बसलेल्या माझ्याकडे हळूहळू आणला,
अगदी हळू, मुठीत काही धरल्यासारखा,
आणि तो माझ्या तोंडावर कुठे पोचतो
ते बघत होत्या.

माझी डावी पापणी आपोआप मिटली.

'पुढचं वाच,' म्हणाल्या.